पावणेचोवीसची तुकडी

हजेरीपट म्हणजे काय हे शाळेबाहेरच्या माणसाला नीट माहीत नसतं, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. लांबलचक आडवी वही. डावीकडे मुलांची नावं, वर महिन्याच्या तारखा, मध्ये चौकोनच चौकोन. प्रार्थना झाली की बाई नावं घेतात आणि खुणा करतात. खाली प्रत्येक तारखेला किती मुलं होती तो आकडा. महिना संपला की पानाच्या उजव्या कोपऱ्यातला एक टीचभर चौकोन भरायचा उरतो : सरासरी हजेरी. संस्थेचे लोक वही उघडली की बाकी काही बघत नाहीत, तो चौकोन बघतात. तो आकडा पडला की तुकडी मोडते आणि दोन तुकड्यांची एक होते. मग एक शिक्षक जादा ठरतो.

लालबागच्या एका मराठी शाळेत मी चौतीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीचशी पाचवीला. राहायला गिरगावात. आता निवृत्त आहे, गुडघे दुखतात आणि नातीला गणित शिकवते. ती म्हणते, आजी, तू समजावून सांगताना फार वेळ लावतेस, सूत्र सांग ना. या अंकाच्या संपादकबाईंनी फोन केला तेव्हा त्यांना विद्यार्थ्यांच्या हृद्य आठवणी हव्या होत्या. हृद्य आठवणी माझ्याकडे फार नाहीत. एक चूक आहे, चांगली ठसठशीत, तीच देते.

सरासरी शिकवायला मी चिंचोके वापरायची. चार मुलांना पुढे बोलवायचं. एकाकडे नऊ चिंचोके, दुसरीकडे तीन, मग सहा, मग दोन. सगळे टेबलावर एकत्र करायचे, झाले वीस. आता चौघांत सारखे वाटा. प्रत्येकाला पाच. ही सरासरी. सूत्रबित्र नंतर. नऊवाला मुलगा दरवर्षी कुरकुरायचा.

"बाई, मी जमवलेले हिला का?"

"सरासरीपुरते दे. तास संपला की परत घे."

मग मी विचारायची, सुरुवातीला पाच कोणाकडे होते? मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. कोणाकडेच नव्हते. हे कळणं महत्त्वाचं. सरासरी हा असा आकडा आहे, की तो सगळ्यांचा म्हणून सांगतात आणि प्रत्यक्षात कोणाचाच नसला तरी चालतो. मधला कोण ते शिकवायला प्रार्थनेची रांग पुरे. उंचीप्रमाणे उभे करा, दोन्ही टोकांकडून एकेक मोजत या, भेटेल तो मधला. तो मुलगा दिवसभर छाती काढून फिरायचा, जसा काही निवडून आलाय.

हे सगळं मी इतकं छान शिकवायची, आणि तरीही जे केलं ते केलं.

पंधरा वर्षांपूर्वीच्या मला बघायला हवं होतं तुम्ही. पंचेचाळिशी, कडक इस्त्रीची साडी, पर्समध्ये दोन पेनं, आणि नाक असं की त्यावर डस्टर ठेवला असता तर पडला नसता. गणिताच्या एका प्रशिक्षणात माझं कौतुक झालं होतं. तेव्हापासून मी शाळेच्या 'गणिताच्या बाई' झाले. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, जूनमध्ये म्हणाल्या, "कर्णिक बाई, महिनाअखेरीस सगळ्यांची सरासरी चुकते. कोणाची बेरीज चुकते, कोणाचा भागाकार. तुम्ही काहीतरी सोपं करा."

मी केलं. खरी पद्धत काय आहे? महिन्यातल्या सगळ्या दिवसांची हजेरी बेरजेला घ्यायची आणि कामाच्या दिवसांनी भागायचं. पंचवीस दिवसांची लांब बेरीज, तिथे सगळ्यांच्या चुका व्हायच्या. मी म्हटलं, एवढं ओझं कशाला? दर शनिवारी त्या आठवड्याची सरासरी काढून ठेवा. महिनाअखेरीस चार आठवड्यांचे चार आकडे, त्यांची बेरीज, भागिले चार. झालं. मी त्याचे तक्ते आखून दिले, स्टाफरूममध्ये फळ्यावर करून दाखवलं. सगळ्या खूश. शिर्के सरांनी या पद्धतीला 'कर्णिक पद्धत' असं नाव दिलं आणि मी 'छे हो' म्हणत ते नाव चालू दिलं.

जून, जुलै, ऑगस्टमध्ये काही बिघडलं नाही. आठवडे साधारण सारखेच होते, जुन्या पद्धतीत आणि माझ्या पद्धतीत पाव-अर्ध्याचा फरक. मग गणपती आले.

इथे पाचवी 'ब'बद्दल सांगायला हवं. आमच्याकडे हुशारीवरून तुकड्या नव्हत्या. जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी जे हजर असतील ते 'अ'मध्ये, म्हणजे माझ्या वर्गात, बसायचे. मे महिन्यात गावाला गेलेले, फणस संपल्याशिवाय न परतणारे, उशिरा उगवायचे ते 'ब'मध्ये. म्हणजे 'ब' तुकडी म्हणजे निवडून काढलेलं कोकण. आईवडिलांच्या गिरण्या कधीच्या बंद झाल्या होत्या, आता कोणी कुरिअरमध्ये, कोणी टॉवरच्या सिक्युरिटीत, पण गणपतीला गाव सुटत नव्हता. पटावर बत्तीस मुलं. त्यांच्या बाई वैशाली सावंत, वय अठ्ठावीस, नोकरी अजून कायम नव्हती. घरी सासरे आजारी, नवऱ्याचं काम आज आहे तर उद्या नाही. हे सगळं मला माहीत होतं. स्टाफरूममध्ये एकाच डब्यातलं खायचो आम्ही.

त्या महिन्याचे नेमके आकडे आता आठवत नाहीत, समजायला सोपे करून सांगते. पहिले दोन आठवडे सहा-सहा दिवसांचे. 'ब'ची सरासरी तीस आणि एकोणतीस. तिसऱ्या आठवड्यात गणपतीची सुट्टी. ती शुक्रवारी संपली आणि मोठ्या बाईंनी कामाचे दिवस भरायचे म्हणून शनिवारी शाळा ठेवली. आता सांगा, अर्ध्या दिवसाच्या शाळेसाठी कणकवलीहून कोण येणार? 'अ'मध्ये बावीस आली. 'ब'मध्ये पाच. सोमवारी सगळे परत, चौथा आठवडा एकतीस.

सावंत बाईंनी माझा तक्ता भरला. तीस, एकोणतीस, पाच, एकतीस. बेरीज पंच्याण्णव, भागिले चार, पावणेचोवीस. संस्थेने आखलेली रेघ होती पंचवीसची.

ती वही घेऊन माझ्याकडे आली. "बाई, काहीतरी चुकलंय. माझा वर्ग रोज भरलेला असतो हो."

मी तक्ता बघितला. बेरीज बरोबर, भागाकार बरोबर. मी चष्मा काढला. चष्मा काढून बोलायची सवय तेव्हा मला फार शोभते असं वाटायचं. "वैशाली, भावना वेगळी आणि आकडा वेगळा. वर्ग भरलेला वाटतो. आकडा वाटत नाही, असतो."

तिने वही मिटली आणि वर्गावर गेली. गणिताच्या बाईंपुढे काय बोलणार?

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं. पाचवी 'ब' मोडून 'अ'ला जोडावी. सावंत बाईंना संस्थेच्या रे रोडच्या शाळेत पाठवावं, तिथल्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत त्यांच्या जागी, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. त्यानंतर काय, ते पत्रात नव्हतं. सगळ्यांना कळलं होतं काय ते. दिवाळीनंतर ती घरी.

जाताना तिने मुलांना काय सांगितलं ते मला नंतर समजलं. 'ब'ची मुलं दप्तरं घेऊन माझ्या वर्गात आली, एका बाकावर तिघं-तिघं. मी त्यांचं स्वागत केलं, भाषण केलं. मुलं माझ्याकडे पाहुण्यांच्या घरी आल्यासारखी बघत होती.

दसरा झाला आणि अभ्यासक्रमात सरासरीचा धडा आला. चिंचोके झाले, सूत्र झालं. आता मोठं उदाहरण हवं. पुस्तकातलं उदाहरण नीरस होतं. मला वाटलं, नव्या मुलांना आपलेपणा वाटावा, म्हणून 'ब'चाच जुना हजेरीपट कपाटातून काढला. किती हा उदात्त विचार. फळ्यावर मी गणपतीच्या महिन्याच्या एकोणीस तारखा आखल्या आणि 'ब'मधल्या तन्वी गुरवला आकडे वाचायला उभं केलं.

"तीस. एकोणतीस. एकतीस..." ती वाचत होती, मी लिहीत होते. मध्येच ती थांबली. "बाई, ते पाच पण धरायचे?"

"धरायचे. तो दिवस नाही का?"

"त्यात मी होते," ती बाकीच्यांना म्हणाली.

सगळ्यांनी वह्यांत बेरीज केली. पाचशे पंचेचाळीस. भागिले एकोणीस. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, अठ्ठावीस आणि बाकी तेरा. मी फळ्यावर लिहिलं : अठ्ठावीसच्या वर, जवळजवळ एकोणतीस. चौकट केली. शाबासकी द्यायला वळले, तर तन्वी अजून उभीच.

"बाई, पण आमचे पंचवीसपण नव्हते म्हणून तुकडी मोडली ना?"

"कोणी सांगितलं?"

"आमच्या बाईंनी. म्हणाल्या, सव्वा मूल कमी पडलं."

'अ'मधलं एक कार्टं हसलं. सव्वा मूल म्हणजे कसं दिसतं असं काहीतरी बोललं. मी फळ्याकडे बघत होते. हजेरीपटाच्या कोपऱ्यातल्या चौकोनात सावंत बाईंच्या अक्षरात पावणेचोवीस होतं, आणि फळ्यावर माझ्या अक्षरात अठ्ठावीस. मुलं तीच, दिवस तेच.

"मग आमच्या बाई परत येणार?" तन्वीने विचारलं.

मी म्हटलं, "पाणी पिऊन या सगळे." घंटेला अजून पंचवीस मिनिटं होती. साठ-पासष्ट मुलं एकदम नळावर गेली आणि शिपाई धावत आला, बाई, काय झालं म्हणून.

काय झालं ते मला लगेच कळलं होतं. तो एकटा शनिवार. त्या एका दिवसाला मी सहा दिवसांच्या आठवड्याच्या शेजारी, त्याच्याच मापाच्या खुर्चीवर बसवलं होतं. एक दिवस आणि सहा दिवस, दोघांचं वजन सारखं. चार आठवड्यांपैकी एक आठवडा पाच मुलांचा. प्रत्यक्षात एकोणीसपैकी एक दिवस पाच मुलांचा होता. पाचवीच्या मुलालाही समजावं असं आहे हे. मला कळायला पाचवीचीच मुलं लागली.

लगेच जाऊन सांगितलं असं लिहायला आवडलं असतं. दोन दिवस मी गप्प होते. त्या दोन दिवसांत मी काय केलं, तर माझी पद्धत बरोबर कशी ठरेल ते शोधत होते. घरी कागदावर कागद. आमचे हे म्हणाले, "सरासरी काढायला एवढे कागद लागतात?" मी म्हटलं, "तुम्ही चहा प्या." तिसऱ्या दिवशी सकाळी वर्गात शिरले तर तन्वीने 'नमस्ते बाई' म्हटलं नाही. बाकी सगळ्यांनी म्हटलं. मी हजेरी घेतली आणि तशीच मोठ्या बाईंकडे गेले.

त्यांनी ऐकून घेतलं. मग दार लोटलं. "कर्णिक बाई, आता घडी बसलीय. एवढ्यात दिवाळी. पद्धत नोव्हेंबरपासून बदला, कोणाला कळणार नाही."

"वर्गाला कळलंय."

"मुलं विसरतात."

"ही नाही विसरणार. मी फळ्यावर चौकट केलीय."

पुढच्या वर्षी त्या निवृत्त व्हायच्या होत्या आणि त्यांच्या खुर्चीसाठी माझं नाव जाणार होतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. "जायचं तर तुम्ही जा," त्या म्हणाल्या, "मी सही करणार नाही."

संस्थेचं कार्यालय दादरला. कार्यवाह म्हणजे लालबागचेच जुने रहिवासी, सत्तरीचे, काटेकोर माणूस. त्यांनी दोन्ही आकडे पाहिले आणि म्हणाले, "मग दोन्ही बरोबर. पद्धत वेगळी, उत्तर वेगळं."

"नाही. एक चूक आहे."

"बेरीज चुकलीय का?"

"बेरीज बरोबर आहे."

"मग भागाकार?"

"तोही बरोबर आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझं सगळं प्रशिक्षण तिथे उपयोगाचं नव्हतं. मी विचारलं, "तुमच्याकडे मसाला घरचाच ना? डंकावर कांडून आणता?"

"अर्थात."

"दोन किलो बेडगी मिरची आणि पाव किलो लवंगी. मसाला किती तिखट होईल? बेडगी कमी तिखट, लवंगी जहाल. दोन प्रकारच्या मिरच्या आहेत म्हणून दोघींचं अर्धं-अर्धं धरायचं?"

"वेड लागलंय का? लवंगी पाव किलोच आहे."

"तो शनिवार त्या लवंगीसारखा, पाव किलोचा. मी त्याला दोन किलो धरलं."

ते हसले नाहीत. कागद पुन्हा ओढला, स्वतः एकोणीस दिवसांची बेरीज केली, दोनदा. मग म्हणाले, "ही पद्धत कोणाची?"

"माझी."

"मुख्याध्यापिकांनी सांगितली?"

"सोपं काहीतरी करा एवढंच त्या म्हणाल्या. हे माझं."

"लेखी द्या. पद्धत तुम्ही काढली, सगळ्यांना तुम्ही शिकवली, ती चूक आहे. सगळं. सेवापुस्तकात नोंद होईल, हे सांगून ठेवतो."

मी तिथेच बसून लिहून दिलं. अक्षर सुंदर आलं. पुढच्या वर्षी मोठ्या बाईंच्या खुर्चीवर शिर्के सर बसले आणि मी निवृत्त होईपर्यंत पाचवीलाच राहिले. त्याबद्दल रडगाणं नाही. शिर्के सर बरे होते, आणि पाचवी मला आवडायची. थोडं वाईट वाटलं, थोडं म्हणजे तीनेक वर्षं.

दादरहून मी तशीच रे रोडला गेले. लाकडाच्या वखारींच्या मागे संस्थेची ती शाळा, करवतींच्या आवाजात शिकवायचं. सावंत बाई मधल्या सुट्टीत व्हरांड्यात वह्या तपासत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. शनिवार, चार आठवडे, एकोणीस दिवस. ती वही तपासत होती तशीच तपासत राहिली.

"म्हणजे माझा वर्ग भरलेला होता."

"होता."

"मी सांगत होते तुम्हाला."

"सांगत होतीस."

"तुम्ही म्हणालात, भावना वेगळी."

"म्हणाले."

तिने पान उलटलं. "घरी मी काय सांगितलंय माहितीये बाई? माझ्याच हातून मुलं टिकत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, तू ओरडत असशील त्यांना. मी पण म्हटलं, असेन. रात्री आठवायचे कोणाकोणाला ओरडले ते."

मी माफी मागितली. आयुष्यात फार वेळा मागितलेली नाही, त्यामुळे जमली नाही नीट. ती म्हणाली, "पत्र येईल तेव्हा येईन. तुमच्या तोंडी शब्दावर नाही येणार. राग मानू नका."

"नाही मानत. मानायचा हक्क कुठे आहे?"

"चहा घेणार?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. करवतीचा आवाज इतका होता की चहा पिताना दोघींनाही बोलायची सक्ती नव्हती.

पत्र दिवाळीच्या सुट्टीत निघालं. पाचवी 'ब' पूर्ववत करावी.

सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी प्रार्थना झाली आणि सावंत बाई माझ्या वर्गाच्या दारात उभी राहिली. हातात 'ब'चा जुना हजेरीपट. आत आली नाही. दारातूनच नावं घ्यायला लागली. नाव घेतलं की ते मूल 'हजर' म्हणायचं, दप्तर उचलायचं आणि तिच्या शेजारून व्हरांड्यात जायचं. माझ्या वर्गात बाकं मोकळी होत चालली. तन्वी गेली, जाताना मला 'येते बाई' म्हणाली.

मग एका नावाला कोणी 'हजर' म्हटलं नाही. तिने ते पुन्हा घेतलं. पुढे आणखी एकाला, आणि शेवटून दुसऱ्या नावाला. तीन. व्हरांड्यातून पोरं एका सुरात म्हणाली, "ते गेले बाई."

यादी संपल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. मी जवळ गेले आणि हळू आवाजात सांगितलं. तुकडी जोडली त्याच पंधरवड्यात तीन घरांतून पालक आले होते. एका बाकावर तिघं, अडुसष्टचा वर्ग, उद्या शाळाच बंद पडेल म्हणाले. दोघं परळच्या इंग्रजी शाळेत गेली. एकाला आईने गावी ठेवलं.

"आता परत नाही येणार?"

"मी दोघांच्या घरी जाऊन आले. फिया भरल्यात म्हणाले."

तिने हजेरीपट माझ्या टेबलावर ठेवला, पट्टी लावली आणि तिन्ही नावांवर सरळ रेघा मारल्या. नाव कमी केलं की शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहायचं असतं. पेन तिथे टेकवून ती थांबली.

"काय लिहू?"

"पालकांच्या इच्छेने," मी म्हटलं. सगळीकडे तसंच लिहितात.

तिने एकदा माझ्याकडे बघितलं, आणि तीन वेळा तेच लिहिलं.